मुलीला वेबसाइटचं काम शिकायचंय, मग नाव कुठे घालायचं?

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं. मुलगी नर्सिंगला किंवा डी.एड.ला जाणार असेल तर कुणी फार विचारत नाही. पण हल्ली काही मुली म्हणतात, "मला वेब डिझाइन शिकायचं आहे," आणि सगळ्या एकमेकींकडे पाहतात. हे काम कसलं, त्याला कोणती पदवी लागते, आणि शहरातला क्लासवाला पन्नास हजार मागतोय ते द्यावेत का? आज त्यावरच बोलू.

आधी काम समजून घेऊ. मोबाइलवर आपण सातबारा पाहतो, गॅसची टाकी नोंदवतो, लेकीचा निकाल पाहतो. अशा प्रत्येक पानावर अक्षर केवढं असावं, बटण कुठे असावं, सासूबाईंना ते चष्म्याशिवाय दिसेल का, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. हे ठरवणं म्हणजे डिझाइन. मग ते संगणकाला कळेल असं लिहावं लागतं. एचटीएमएल नावाच्या खुणांनी पानाचा सांगाडा उभा राहतो, सीएसएसने त्याला रंगरूप येतं आणि जावास्क्रिप्टमुळे बटण दाबलं की काहीतरी घडतं. आपल्या मोहाडी-आंधळगावकडे टसर विणतात, तिथे काठावर कोणती नक्षी यायची ते आधी ठरतं आणि मग मागावर धागा चालतो. इथेही तेच आहे. एखादीचं मन नक्षीत रमतं, एखादीचं मागावर.

म्हणून कॉलेजची नावं विचारण्याआधी मुलीकडे पाहा. वहीचं कव्हर, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी पाहून "हे अक्षर इथे बरं दिसत नाही" असं म्हणणारी मुलगी वेगळी. मोबाइल बिघडला की तो का बिघडला याच्या मागे लागणारी, गणित सुटेपर्यंत न उठणारी मुलगी वेगळी. दोघींना या कामात जागा आहे, पण दोघींची वाट एक नाही.

पदवीवर ‘वेब डिझाइन’ असं नाव नसलं तर अडेल का? अडत नाही. ज्या टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, त्यांची पदवी भौतिकशास्त्रातली होती. आपल्या भाषेतलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. संगणकावर वर्षानुवर्षं आपण मराठी वाचली ती ‘मंगल’ नावाच्या अक्षरात. ते अक्षर घडवणारे र. कृ. जोशी हे मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलेले सुलेखनकार होते. एक विज्ञानाकडून आला, दुसरा कुंचल्याकडून.

आता वाटा पाहू. तर्काकडे कल असलेल्या मुलीसाठी बीसीए, संगणक विषय घेऊन बी.एस्सी., किंवा आपल्या नागपूर विद्यापीठात बीसीसीए या नावाने ओळखला जाणारा वाणिज्य आणि संगणकाचा अभ्यासक्रम आहे. बीसीएला बारावीची कोणतीही शाखा चालते, त्यामुळे कला शाखेच्या मुलीने "माझं सायन्स नाही" म्हणून मागे फिरायचं कारण नाही. दहावीनंतर लवकर हाताला काम हवं असेल तर आयटीआयमधला एक वर्षाचा कोपा हा ट्रेड आहे. त्यात वेबपान तयार करण्याची सुरुवात शिकवतात. तीन वर्षांची संगणकाची पदविका केली तर पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. लग्न झालेल्या किंवा घर सोडता न येणाऱ्या लेकी-सुनांना इग्नूची बीसीए घरी राहून करता येते.

चित्राकडे ओढा असेल तर नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय पाहा. तिथे उपयोजित कलेची पदवी आहे आणि तिच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तर हात तयार होतो. या परीक्षांना आपण ‘फालतू विषय’ म्हणतो. मला ते कधीच पटलं नाही.

पैशाचं बोलायचं तर आधी सरकारी सवलत समजून घ्या. 2024-25 पासून महाराष्ट्रात मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. त्याच वर्षापासून बीसीएला सीईटी सुरू झाली. इथेच फसगत होऊ शकते. संगणकाचा अभ्यासक्रम दुसऱ्या नावाने चालत असेल आणि प्रवेश सीईटीशिवाय थेट मिळत असेल, तर त्याला ही माफी लागू आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" वर जाऊ नका.

आता त्या क्लासच्या पन्नास हजारांकडे येऊ. गटातून शेकडा दोन रुपये महिन्याने घेतले तर महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार नुसतं व्याज. सही करण्याआधी मुलीला घेऊन तिथे जा. आधीच्या मुलींनी केलेली पानं दाखवा म्हणा. प्रमाणपत्र कोणाचं, विद्यापीठाचं की क्लासचंच? "शंभर टक्के नोकरी" म्हणतात, ते पावतीवर लिहून देतील का? मधेच सोडलं तर पैसे परत मिळतील का? उत्तर देताना माणूस चिडला तर उठून या. एचटीएमएल-सीएसएसची सुरुवात इंटरनेटवर फुकट शिकता येते. त्या पैशांतून आधी एक साधा लॅपटॉप घेतला तर तो निदान घरात राहतो. मोबाइलवर पाहून समजतं, पण टाइप करून सवय करायला कळफलकच हवा.

हेही सांगते की नुसती साधी पानं बनवून देणाऱ्यांना पूर्वीइतके पैसे आता मिळत नाहीत. तयार साचे आहेत, यंत्रही पान लिहून देतं. टिकते ती पाया पक्का असलेली, गिऱ्हाइकाला काय हवं ते ऐकून घेणारी मुलगी. नोकरी देणारा पदवी पाहतोच, पण त्याआधी विचारतो, "तुझं काम दाखव." ते काम गावातच तयार होऊ शकतं. गटाच्या चिन्नोर तांदळाचं एक पान मुलीकडून करून घ्या. मराठीत, फोटो आणि भाव घालून. गिटहबसारख्या ठिकाणी ते फुकट ठेवता येतं.

सीईटीची नोंदणी बारावीच्या निकालाआधीच सुरू होते, तेव्हा हिवाळ्यापासूनच सीईटी सेलच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि ओबीसी असाल तर नॉन-क्रिमिलेअर, हे सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा. जूनमध्ये तिथे रांग लागते.