हाँगकाँगचे दिमसम : सूर्यास्तापूर्वीचे निमंत्रण

हिरे, मोती, घड्याळे किंवा इलेक्ट्रॉनिक मालाच्या व्यापारासाठी हाँगकाँगला ये-जा करणारी जैन कुटुंबे थोडी नाहीत. त्सिम शा त्सुई या गजबजलेल्या भागात भारतीय हिरे-व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, जैन मंदिर आहे आणि शाकाहारी भारतीय भोजन देणारी उपाहारगृहेही आहेत. शिवाय प्रवासाच्या बॅगेत खाखरे आणि थेपले असतातच. त्यामुळे तेथे उपाशी राहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी.

ज्या चिनी व्यापाऱ्याशी व्यवहार जुळतो, तो आग्रहाने जेवायला बोलावतो. त्या समाजात एका मेजावर बसून अन्नपाणी घेतल्याशिवाय ओळख पुरी झाली असे मानले जात नाही. निमंत्रण बहुधा रात्रीचे असते आणि मेजवानीत मांस-मासळीचे पदार्थ एकामागून एक येत राहतात. नकार द्यावा तर यजमानाचे मन दुखावते, होकार द्यावा तर नियम मोडतो. गेलेला माणूस मग पाण्याचा पेला पुढे ठेवून दोन तास अवघडून बसतो आणि यजमानही तितकाच संकोचतो. या पेचातून सुटण्याची वाट त्याच शहराच्या एका जुन्या रीतीत आहे. ती रीत म्हणजे सकाळचा चहा.

चहा आणि दोन नग

कँटोनीज भाषेत ‘यम चा’ म्हणजे चहा पिणे. चहाबरोबर बांबूच्या लहान टोपल्यांतून जे छोटे छोटे पदार्थ येतात, ते दिमसम. या शब्दाचा अक्षरार्थ ‘हृदयाला स्पर्श’ असा सांगितला जातो. ही रीत ग्वांगझौ, म्हणजे जुन्या कँटन शहराच्या परिसरात वाढली आणि हाँगकाँगने ती आपलीशी केली. ‘एक पेला, दोन नग’ असा तिथला जुना वाक्प्रचार आहे. एक पेला चहा आणि दोन टोपल्या दिमसम घेऊन वृत्तपत्र वाचावे, शेजाऱ्याशी बोलावे, भाव विचारावेत, जमल्यास सौदा पक्का करावा, असा हा क्रम असतो. चहाचे घर ही तेथील व्यापाऱ्यांची जुनी बैठक आहे.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने या रीतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची वेळ. दिमसम हे मुळात दिवसाउजेडीचे खाणे आहे. जुनी चहाघरे सकाळी लवकर उघडतात आणि दुपार उलटल्यावर बहुतेक ठिकाणी टोपल्या बंद होऊन रात्रीच्या मेजवान्यांची तयारी सुरू होते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारणाऱ्याला ही वेळ सहज जुळते. हाँगकाँगला हिवाळ्यात सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उन्हाळ्यातही सात वाजून काही मिनिटांनी. म्हणजे आठ वाजताची मेजवानी वर्षभरात कधीच चौविहारात बसत नाही. सकाळचा चहा मात्र बाराही महिने बसतो. यजमानाला “रात्री जेवत नाही” असे सांगण्याऐवजी “सकाळी चहाला भेटू या” असे सुचवले, तर त्याला तो नकार वाटत नाही. उलट आपली रीत पाहुण्याला ठाऊक आहे, याचे त्याला समाधान वाटते.

या बैठकीचे काही शिष्टाचार आहेत. आपला पेला भरण्यापूर्वी इतरांचे पेले भरावेत. दुसऱ्याने चहा ओतला की बोटांनी मेजावर हलकेच दोन-तीनदा टकटक करावी. हे मूक आभार असतात. चिएनलोंग सम्राट वेष पालटून फिरत असताना त्याने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला. उघडपणे नमस्कार करता येईना, म्हणून सेवकाने बोटे टेकवून नमन केले, अशी यामागची लोककथा आहे. किटलीतला चहा संपला की झाकण तिरके करून ठेवायचे, बोलावण्याची गरज नसते. चहाला दूध-साखर नसते. मेजावर बहुतेक वेळा चहाच्या किटलीबरोबर उकळत्या पाण्याचीही किटली येते. त्या पाण्याने पेले विसळून घेण्याची तेथे प्रथा आहे. उकळलेलेच पाणी पिणाऱ्यांना ते मागावे लागत नाही, ही लहानशी सोयही ध्यानात घेण्याजोगी आहे.

नामांकित घरे आणि वाफेचा मार्ग

हाँगकाँगच्या दिमसमची चर्चा निघाली की काही नावे हटकून घेतली जातात. सेंट्रल भागातील स्टॅन्ली स्ट्रीटवरचे लुक यु हे १९३३ सालचे चहाघर. चहावर पहिला ग्रंथ लिहिणाऱ्या तांग काळातील लु यु याच्या नावावरून त्याचे नाव ठेवलेले आहे. सिटी हॉलमधील मॅक्सिम्स पॅलेसमध्ये टोपल्यांच्या ढकलगाड्या अजून मेजांमधून फिरतात. टिम हो वान हे २००९ साली माँग कॉक भागातील एका चिंचोळ्या दुकानात सुरू झाले आणि मिशलिनचा तारा मिळवणारे अत्यंत स्वस्त उपाहारगृह म्हणून जगभर गाजले. ही घरे पाहण्यासारखी जरूर आहेत, पण जैन पाहुण्याने तेथे ताट मांडावे अशी नाहीत. त्याची कारणे पदार्थांच्या नावांत नव्हे, ते करण्याच्या पद्धतीत आहेत.

पहिले कारण वाफेचे. दिमसमच्या टोपल्यांना जाळीदार तळ असतो आणि त्या उकळत्या पाण्यावर एकावर एक रचतात. खालच्या टोपलीतील वाफ वरच्या टोपलीतून जाते आणि वरचे थेंब खाली ठिबकतात. पालकाचे सारण भरलेली पुरचुंडी शाकाहारी असली, तरी तिच्या खाली कोळंबीची आणि वर डुकराच्या मांसाची टोपली असू शकते. दुसरे कारण चरबीचे. पावांच्या कणकेत, खुसखुशीत पाऱ्यांत आणि गोड सारणांतही डुकराची चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे. तिसरे कारण डोळ्यांना फसवणारे आहे. मुळ्याच्या वड्या दिसायला भाजीच्या असतात, पण त्यांत सुकी कोळंबी आणि मांसाचे बारीक तुकडे असतात. साध्या उकडलेल्या हिरव्या भाजीवर बहुधा कालवांपासून केलेला सॉस ओतलेला असतो. आंब्याच्या पुडिंगमध्ये किंवा फुलांच्या पारदर्शक जेलीत जिलेटिन असू शकते. म्हणून “मांस काढून द्या” असे सांगून सामान्य चहाघरात काम भागत नाही. स्वयंपाकघरच वेगळे हवे.

मठाच्या चुलीची परंपरा

असे वेगळे स्वयंपाकघर चिनी संस्कृतीत शतकानुशतके आहे. बौद्ध मठांतील निरामिष भोजनाला कँटोनीजमध्ये ‘जाय’ म्हणतात. “सिक जाय”, म्हणजे मी जाय खातो, एवढे दोन शब्द उच्चारले की समोरच्या माणसाला पुढचे पुष्कळसे उमगते. त्याच्या घरातही कोणी आजी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला जाय पाळत असते. त्या दिवशी शाकाहारी उपाहारगृहांत गर्दी असते, म्हणून त्या तिथीला जायचे असल्यास जागा आधी राखून ठेवणे बरे. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांना हा हिशेब नवा नाही.

या परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य मानले आहेत. त्यांत लसूण आणि कांद्याच्या जातीच्या वनस्पती येतात, आणि गंमत अशी की पाचवा पदार्थ हिंग समजला जातो. ज्या हिंगावर जैन स्वयंपाकघराची फोडणी उभी आहे, तोच तेथे निषिद्ध. पण कांदा-लसणाचा प्रश्न मात्र मठाच्या परंपरेत आपोआप सुटतो, आणि परदेशात ही सवलत फार मोठी आहे.

कोठे जावे

पहिले नाव हाँगकाँग पार्कमधील लॉक चा या चहाघराचे. सेंट्रलच्या गगनचुंबी इमारतींना लागून असलेल्या या बागेत फ्लॅगस्टाफ हाउस ही १८४६ साली बांधलेली इमारत आहे. एकेकाळी तेथे ब्रिटिश सेनापती राहत. १९८४ पासून तेथे चहाच्या भांड्यांचे संग्रहालय आहे. हा संग्रह के. एस. लो या उद्योजकाने शहराला दिला. सोयाबीनचे दूध बाटलीतून घरोघरी पोचवणाऱ्या व्हिटासॉय या कंपनीचे ते संस्थापक. त्यांच्याच नावाच्या दालनाच्या इमारतीत लॉक चा आहे. उत्तम चिनी चहा आणि शाकाहारी दिमसम ही त्याची ख्याती. लाकडी मेजे, शांतता आणि कचेऱ्यांपासून चालत जाण्याइतके अंतर यांमुळे व्यापारी भेटीसाठी याहून सोयीची जागा क्वचित सापडेल. जागा लहान असल्याने आगाऊ सांगून जावे.

दुसरे ठिकाण कौलून बाजूला डायमंड हिल येथे आहे. नाव ऐकून हिऱ्याच्या व्यापाऱ्याने आशा धरू नये. चिनी भाषेत हिरा आणि दगड फोडणे यांसाठीचे शब्द सारखे असल्याने जुन्या दगडखाणीच्या टेकडीला हे नाव पडले, असे सांगतात. येथे ची लिन हा भिक्षुणींचा मठ १९३४ साली स्थापन झाला. त्याची सध्याची वास्तू १९९८ साली पूर्ण झाली. तांग काळाच्या शैलीतील ही लाकडी मंदिरे लोखंडी खिळे न वापरता, लाकडांचे सांधे एकमेकांत बसवून उभारली आहेत. त्यालगत २००६ साली खुली झालेली नान लियान बाग आहे. बागेतील धबधब्यामागे मठाचे शाकाहारी भोजनगृह असून दुपारचे जेवण तेथे निवांतपणे घेता येते. मेट्रोचे स्थानक जवळ असल्याने वृद्ध मंडळी आणि मुले यांच्यासह जाण्यासही हे ठिकाण योग्य आहे.

तिसरे ठिकाण लांताऊ बेटावरील पो लिन मठ. १९९३ साली पूर्ण झालेली ३४ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आणि तिच्याकडे जाणाऱ्या २६८ पायऱ्या पाहायला लोक येतात, आणि मठाच्या भोजनगृहात शाकाहारी जेवून जातात. येथे दिमसमची साग्रसंगीत बैठक नसते, पण मठाच्या चुलीवरचे साधे अन्न मिळते. सुट्टीच्या दिवसासाठी ही सहल उत्तम.

जाय म्हणजे जैन नव्हे

तरीही एक सावधगिरी उरतेच. जाय आणि जैन आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मठाच्या स्वयंपाकात जमिनीखालचे वर्ज्य नाही. अरवीच्या जातीचे कंद, कमळाचे देठ-कंद, गाजर आणि मुळा तेथे सर्रास वापरतात. अळंबी तर त्या पाककलेचा आत्माच आहे. कालवांच्या सॉसऐवजी जो शाकाहारी सॉस वापरतात, तोही बहुधा अळंबीचाच असतो. इंग्रजी पदार्थपत्रिकेत ‘वॉटर चेस्टनट’ असे वाचून अनेकजण शिंगाडा समजतात. शिंगाडा हे पाण्यावर वाढणाऱ्या वेलीचे फळ आहे. चिनी पदार्थांतला हा प्रकार मात्र चिखलात वाढणारा कंद आहे. काचेसारखी पारदर्शक पारी पाहून तांदळाच्या उकडीची आठवण होते, पण ती गव्हाच्या चिकाची असते आणि तिला चिवटपणा यावा म्हणून अनेकदा साबुदाण्याच्या कंदाचे पीठ मिसळतात. मठाबाहेरच्या शाकाहारी उपाहारगृहांत अंडे वापरलेले असू शकते. काही ठिकाणी सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून बदकाच्या किंवा माशाच्या आकाराचे पदार्थ करतात. त्यांत मांस नसले तरी तो आकार अनेकांच्या मनाला रुचत नाही.

एवढे सगळे वगळल्यावर ताटात उरते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर निराशाजनक नाही. वाफेवरच्या तांदळाच्या मऊ गुंडाळ्या, हिरव्या पालेभाज्या, टोफू, सोयाबीनच्या सायीत गुंडाळलेली भाजी, लाल चवळीसारख्या गोड डाळीचे सारण भरलेले तिळाचे लाडवासारखे गोळे, कमळाच्या बियांचे सारण, काळ्या तिळाची गरम खीर, हे सर्व विचारून घेता येते. कमळाचे बी आणि कमळाचा कंद यांतला फरक मात्र स्पष्ट सांगावा लागतो. प्रत्येक घराचे नियम थोडे निराळे असतात. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या घरचे नियम चिनी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून घ्यावेत: मांस, मासळी, अंडे, चरबी, कांदा, लसूण, जमिनीखालचे कंद आणि अळंबी चालत नाहीत. हाँगकाँगमधील व्यापारी मित्र किंवा हॉटेलातील कर्मचारी ती आनंदाने लिहून देतात. बोलण्यात झालेला घोळ चिठ्ठीमुळे टळतो.

या साऱ्याचा लाभ फक्त जिभेला नाही. सकाळी दहा वाजता लॉक चाच्या मेजावर बोलावणारा जैन व्यापारी त्या बैठकीत यजमान होतो. पदार्थ त्याने निवडलेले असतात, पेले त्याने भरलेले असतात आणि समोरच्या माणसाला ओळखीची वाटेल अशीच सारी रीत असते. नियम समजावून सांगावा लागत नाही, कारण तो ताटातच दिसतो. चिनी पाहुणाही आपल्या आजीच्या तिथीची आठवण काढतो आणि संवाद मोकळा होतो. घरचा आचार सांभाळून परक्या मुलखात स्नेह जोडता येतो, आणि त्यासाठी कधीकधी निमंत्रणाची वेळ बदलणे एवढेच पुरते.