अपत्यप्राप्तीत पित्याचा वाटा

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की गावात कुजबुज सुरू होते आणि बोट दाखविले जाते ते सुनेकडे. नवस, नोव्हेना, झाडपाल्याची औषधे आणि शेवटी शहरातील डॉक्टरीणबाई, हे सारे तिच्याच वाट्याला येते. नवऱ्याला कोणी काही विचारीत नाही. आम्हांला नवल वाटते ते याचे, की याच घरातील शेतकरी गाय गाभण राहिली नाही तर वळूची चौकशी केल्यावाचून राहत नाही. गोठ्यात जो न्याय आपण पाळतो, तो माजघरात का पाळू नये?

विषय नाजूक आहे हे आम्ही जाणतो. परंतु देवाने घडविलेल्या देहाची रचना समजून घेण्यात संकोच कसला? अज्ञानापायी एका निरपराध स्त्रीला आयुष्यभर वांझ म्हणून हिणविले जाते, हे मौनापेक्षा फार मोठे पाप आहे.

पुरुषाच्या वीर्यात सूक्ष्म जीव हालचाल करीत असतात, हे हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडविक्याने, आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने, १६७७ साली स्वतः बनविलेल्या भिंगातून पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने भीतभीतच तसे कळविले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी इटलीतील एका धर्मगुरूंनी हा शोध पुढे नेला. त्यांचे नाव फादर लाझारो स्पालानझानी. ते पाव्हिया येथील विद्यापीठात अध्यापक होते. त्यांनी बेडकांच्या नरांना रेशमी कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या आणि वीर्याचा स्पर्श न झालेली मादीची अंडी वाढत नाहीत, हे दाखवून दिले. १७८० च्या सुमारास त्यांनी एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले. बासष्ट दिवसांनी तिला तीन पिले झाली. सस्तन प्राण्यांतील कृत्रिम रेतनाचा हा आरंभ होय. मौज अशी की वीर्यातील जंतूंचे खरे कार्य मात्र फादरांना उमगले नाही. ते जंतू म्हणजे केवळ परोपजीवी कृमी, असेच ते मानीत राहिले. १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाला कुत्रीच्या बीजकोशात स्त्रीबीज दिसले, आणि १८७६ साली ऑस्कर हेर्टविग याने समुद्रातील साळ्या नावाच्या काटेरी प्राण्यात नराच्या व मादीच्या बीजांची केंद्रके एकरूप होताना पाहिली. तेव्हा कोठे मूल हे उभयतांचे, ही गोष्ट शास्त्राने सिद्ध झाली.

आता या शुक्रजंतूची रचना पाहू. मनुष्याचा शुक्रजंतू मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका लांब असतो. डोके, मान आणि शेपूट असे त्याचे भाग. डोक्यात पित्याची २३ गुणसूत्रे घट्ट बांधलेली असतात आणि त्यावर टोपीसारखे एक आवरण असते. त्यातील पाचक रस स्त्रीबीजाचे कवच भेदण्यास उपयोगी पडतात. मानेच्या भागात शक्ती पुरविणारे कण असतात आणि शेपटीच्या फटकाऱ्याने तो पोहतो. प्राणी जितका मोठा तितका त्याचा शुक्रजंतू मोठा, असे मात्र मुळीच नाही. घरातील उंदराचा शुक्रजंतू हत्तीच्या शुक्रजंतूपेक्षा दुपटीहून लांब भरतो!

स्त्रीची सर्व बीजे ती आईच्या उदरात असतानाच तयार झालेली असतात. पुरुषाच्या वृषणात मात्र वयात आल्यापासून दररोज कोट्यवधी शुक्रजंतू निर्माण होतात. एक शुक्रजंतू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या, उलगडल्यास कित्येक मीटर भरेल अशा वेटोळ्यांच्या नळीतून जाताना तो परिपक्व होतो व पोहू लागतो. आज आलेल्या कडक तापाचा परिणाम वीर्यात काही आठवड्यांनी दिसतो तो याचमुळे; आणि आज व्यसन सोडले तरी त्याचे फळ दिसण्यास तीन महिने थांबावे लागते.

या कामाला शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. म्हणूनच बहुतेक सस्तन प्राण्यांत वृषणे पोटाबाहेर पिशवीत असतात. डॉल्फिनची वृषणे पोटात असतात खरी, पण पाठीवरील कल्ल्यातून व शेपटीतून थंड झालेले रक्त तेथे पोहोचविले जाते. पोटातील वृषणांनिशी हत्तीचे काम उत्तम चालते. मनुष्याचे मात्र चालत नाही. लहान मुलाचे वृषण सहा महिन्यांचा होईपर्यंत खाली उतरले नाही, तर आईबापांनी डॉक्टरांना दाखवावे. वेळीच केलेली लहानशी शस्त्रक्रिया त्याच्या पुढील संसारासाठी मोलाची ठरते.

कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी स्त्रीबीजापर्यंत फार तर काही शेकडा पोहोचतात. तेथेही ते लगेच कार्यक्षम नसतात. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच त्यांना बीज फलित करण्याचे सामर्थ्य येते. अमेरिकेत चँग यांनी आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी १९५१ साली स्वतंत्रपणे हा शोध लावला. पित्याचे बीज मातेच्या देहात पूर्णत्वास जाते, हे किती अर्थपूर्ण आहे!

आणखी एक गोष्ट सासूबाईंनी व मामंजींनी विशेष ध्यानात घ्यावी. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असते; शुक्रजंतूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. वाय आले तर मुलगा, एक्स आले तर मुलगी. तेव्हा मुलीच झाल्या म्हणून सुनेला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय.

वर्षभर नियमित सहवास होऊनही गर्भ राहिला नाही, तर वंध्यत्वाची तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर, आढळतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुरुषत्व आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धट्टाकट्टा, संसारात कसलीही उणीव नसलेला पुरुषही शुक्रजंतूंच्या अभावी अपत्यहीन राहू शकतो. त्यात त्याचाही अपराध नाही, आणि लाजण्याचे कारणही नाही.

कारणे अनेक आहेत. वृषणाच्या शिरा फुगणे हे त्यांतील वारंवार आढळणारे व बहुधा उपचारसाध्य कारण. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड वृषणावर उतरू शकतात. तंबाखू, अतिरिक्त मद्यपान आणि लठ्ठपणा बाधक ठरतात. पिळदार शरीरासाठी तरुण मुले पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने घेतात. त्यांमुळे शरीराचा स्वतःचा कारखाना थंडावतो आणि वीर्य शुक्रजंतूविरहित होऊ शकते.

शेतकऱ्यांसाठी एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॅथ्रोप येथे जमिनीतील सूत्रकृमी मारण्याचे डीबीसीपी नावाचे औषध तयार होत असे. आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत, हे तेथील कामगारांच्या आपसांतील बोलण्यात आले. १९७७ साली तपासणी झाली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प किंवा मुळीच नव्हते. १९७९ साली त्या देशात या औषधाच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. ते कामगार बोलले नसते, तर दोष त्यांच्या बायकांच्याच माथी राहिला असता. फवारणी करताना हातमोजे, तोंडाला फडके आणि नंतर स्वच्छ स्नान, एवढी काळजी तरी आपण घ्यावी.

आपल्या देशात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत संपत कुमारन यांनी गुरांवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला. १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरीनच्या साहाय्याने वीर्य गोठवून टिकविण्याची युक्ती सापडली, आणि १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने हे काम खेडोपाडी नेले. वळूचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून वापरले जात नाही. माणसाची तपासणीही तितकीच साधी आहे. तीत ना चिरफाड, ना वेदना. स्त्रीच्या तपासण्यांपेक्षा ती कितीतरी सोपी व कमी खर्चाची. म्हणून ती आधी व्हावी, निदान बरोबरीने तरी व्हावी. पहिल्या तपासणीत संख्या कमी आली म्हणून खचू नये. पुन्हा तपासून मगच निर्णय करावा.

वंध्यत्वामुळे विवाह अवैध ठरत नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदा स्पष्ट सांगतो. मूल हे देवाचे दान आहे. ते कोणाचा हक्क नव्हे, आणि ते न लाभणे ही कोणाला शिक्षाही नव्हे. वेदीसमोर सुखदुःखात साथ देण्याचे वचन दोघांनी दिले होते. तेव्हा दवाखान्याची पायरीही दोघांनी मिळून चढावी, आणि डॉक्टर जे सांगतील ते दोघांनी शेजारी बसून ऐकावे.