अणुस्फोटातून वाचलेलं विमान ठिणगीअभावी का पडलं?

२ ऑक्टोबर २०१९ च्या सकाळी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रॅडली विमानतळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक बॉम्बफेकी विमान उतरताना कोसळलं आणि पेटलं. आत १३ जण होते. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी असे ७ जण मरण पावले. हे प्रवासी काही लढाईवर निघाले नव्हते. माणशी ४५० डॉलर भरून जुन्या विमानात अर्ध्या तासाची सफर करायला ते आले होते. ‘जुनं विमान होतं, पडलं’ असं म्हणून अनेकांनी विषय संपवला. आम्हाला मात्र हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, ते विमानाची हकीकत वाचली की लक्षात येईल.

विमान होतं बोइंग बी-१७ जातीचं. ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ म्हणजे उडता किल्ला, हे त्याचं टोपणनाव. चार इंजिनांची अशी १२,७३१ विमानं बांधली गेली. युरोपात दिवसाढवळ्या जर्मनीवर बॉम्ब टाकायला अमेरिकेने ती वापरली. त्यात शेकडोंनी विमानं पडली, हजारो तरुण गेले. आणि खाली ज्या शहरांवर बॉम्ब पडले तिथल्या माणसांची तर गणतीच वेगळी. प्रदर्शनात विमान चकाचक रंगवलेलं असतं, तेव्हा ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

गंमत अशी की पडलेल्या या विमानाने युद्धात एकही बॉम्ब टाकला नव्हता. डग्लस कंपनीच्या लाँग बीच कारखान्यातून ते लष्कराच्या ताब्यात आलं एप्रिल १९४५ मध्ये, आणि महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. मग ते समुद्रात अडकलेल्यांचा शोध घेण्याच्या कामाला लागलं. १९५२ मध्ये त्याच्या नशिबी वेगळंच आलं. अणुबॉम्बचा विमानांवर काय परिणाम होतो हे बघायचं म्हणून त्याला नेवाडाच्या वाळवंटात नेऊन उभं केलं. एक नाही, तीन अणुस्फोट त्याने सोसले. किरणोत्सर्ग ओसरायला तेरा वर्षं ते तिथेच पडून होतं. १९६५ मध्ये भंगाराच्या भावात विकलं गेलं.

घेणाऱ्यांनी मात्र ते तोडलं नाही. कित्येक वर्षं खपून दुरुस्त केलं आणि जंगलातल्या वणव्यांवर पाणी टाकायला वापरलं. १९८६ मध्ये कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते विकत घेऊन युद्धकाळातल्या रूपात आणलं आणि नाव दिलं ‘नाइन-ओ-नाइन’. हे नाव उसनं होतं. इंग्लंडमधून १४० मोहिमा करणाऱ्या एका खऱ्या बी-१७ चं ते नाव, त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून पडलेलं. ते मूळ विमान युद्धानंतर भंगारात गेलं. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियात नव्या नाइन-ओ-नाइनची धाव चुकली आणि ते धावपट्टी ओलांडून उताराखाली गेलं. तेव्हाही ते पुन्हा उभं केलं.

याच संस्थेकडे एक बी-२४ लिबरेटरही होतं, आणि त्याची नाळ आपल्याकडे जुळते. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटर विमानांपैकी ते एक. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून विमानं निवडून पुन्हा उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुण्यातही या विमानांचा तळ होता. सांगायचं एवढंच, की भंगारातून उभं केलेलं विमान वीस वर्षं नीट उडू शकतं. वय हा काही गुन्हा नाही.

मग त्या दिवशी काय झालं? सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी विमान उडालं. काही क्षणांतच चौथं इंजिन धड चालेना म्हणून वैमानिकाने परत यायची परवानगी मागितली. विमान जेमतेम पाचशे फुटांच्या आसपास होतं. ९ वाजून ५३ मिनिटांनी ते धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं, दिव्यांच्या खांबांना धडकलं, उजवीकडे भरकटलं आणि बर्फ वितळवण्याच्या द्रवाच्या टाकीवर जाऊन आदळलं. आत असलेल्या हवाई दलाच्या एका माणसाच्या हातात आगीपासून बचाव करणारे हातमोजे होते, त्याने दार उघडलं म्हणून काही जण बाहेर पडू शकले.

तपास राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केला. आता इथे थोडं इंजिनात डोकावू. या इंजिनाला नऊ सिलिंडर असतात आणि प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. त्यांना ठिणगी पुरवतात दोन मॅग्नेटो. एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम भागावं म्हणूनच ही दुहेरी सोय. चौथ्या इंजिनाच्या एका मॅग्नेटोची तार साध्या बांधणीच्या तारेने गुंडाळून भागवलेली होती. ती निसटून धातूला टेकली की मॅग्नेटो बंद. दुसऱ्याचे भाग इतके झिजले होते की चार सिलिंडरना ठिणगी क्षीण मिळत होती किंवा मिळतच नव्हती. म्हणजे मुख्य सोय गेली, आणि राखीव आधीच गेलेली. तिसऱ्या इंजिनाच्या प्लगमधली फटही मापात नव्हती, त्यामुळे त्याचाही जोर कमी पडला. एकाच बाजूची दोन्ही इंजिनं अशी.

तरीही विमान वाचलं असतं. चाकं लवकर खाली सोडली की हवेचा अडथळा वाढतो आणि वेग पडतो, तेच झालं. धावपट्टी गाठू याची खात्री होईपर्यंत चाकं वरच ठेवून ताशी १२० मैलांचा वेग राखला असता, तर विमान बहुधा धावपट्टीवर उतरलं असतं, असं मंडळाने अभ्यास करून सांगितलं. वैमानिक ७५ वर्षांचे होते, या विमानावर त्यांचे सात हजारांहून जास्त तास झाले होते. आणि संस्थेच्या देखभालीचे प्रमुखही तेच. विमान उडायला योग्य आहे की नाही हे ठरवणारा आणि ते उडवणारा माणूस एकच! आमच्या मते सगळ्यात मोठी गफलत हीच. दौरा चालू, तिकिटं विकलेली, अशा वेळी ‘आज नको’ म्हणणारं दुसरं कोणीतरी हवंच असतं.

अशा विमानांना प्रवासी विमानांचा परवाना नसतो. इतिहास जिवंत राहावा म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने संस्थांना पैसे घेऊन लोकांना फिरवण्याची खास सवलत दिली होती, काही अटींवर. अटी पाळल्या जातात का, हे बघणं प्रशासनाचं काम. ते पुरेसं झालं नाही, असं मंडळाने २०२१ च्या अहवालात नोंदवलं. संस्थेची सुरक्षा व्यवस्थाही कुचकामी ठरवली. मार्च २०२० मध्येच सवलत काढून घेतली होती. तिकीट घेणाऱ्या पाच जणांना मात्र आपण कुठल्या सवलतीखाली उडतोय हे कितपत समजलं असेल?

पुढे १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या प्रदर्शनात ‘टेक्सस रेडर्स’ हे आणखी एक बी-१७ दुसऱ्या जुन्या विमानाशी हवेत धडकलं आणि दोन्ही विमानांतले मिळून सहा जण गेले. २०२३ मध्ये उरलेल्या बी-१७ विमानांच्या पंखांचे सांधे तपासल्याशिवाय ती उडवू नयेत, असा आदेश प्रशासनाला काढावा लागला.