सूर्यास्तापूर्वी, कॅरिबियन समुद्रात

जैन व्यापाऱ्याला समुद्र नवा नाही. श्रीपाल राजा आणि धवल शेठ यांच्या कथेतील जहाजे आपल्या घरांतील मुलांना लहानपणापासून ठाऊक असतात. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताला स्थान आहे; दूरदूरच्या दिशांना जाणारे श्रावक पूर्वीही होते आणि कोठवर जावयाचे याचा विचार त्यांनी आधी करावा, अशी अपेक्षा होती. आज जहाजातून मालाऐवजी कुटुंबच निघते. अशा सहलीत घरातील नियमांचे काय होते, हे सोलापूरच्या एका कापड-व्यापारी कुटुंबाच्या अनुभवावरून पाहण्याजोगे आहे.

कुटुंबात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, दोन चिरंजीव, दोन सुना आणि चार नातवंडे. आजींचा रात्रिभोजनाचा आणि कंदमुळांचा त्याग पन्नास वर्षांचा. मायामीहून निघणारी सात रात्रींची कॅरिबियन सहल ठरली ती डिसेंबरअखेरीची. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. आपला चातुर्मासही साधारण याच काळातला, हे ऐकून आजींनी मान डोलावली. वाटेत परकी बेटे घेऊन जहाज पुन्हा अमेरिकेत येणार असल्याने सर्वांचे व्हिसा अनेकवार प्रवेशाचे आहेत, याची खात्रीही करून घेतली होती.

पहिला अडथळा मायामीच्या विमानतळावरच आला. आठ बॅगा आल्या, नववी आली नाही. कडक भाकरी, खाकरे, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू, सारे त्याच बॅगेत होते. जहाजावर दुसरा धक्का बसला. सहलीच्या दलालाने अर्जात केवळ ‘शाकाहारी’ एवढेच लिहिले होते. त्यामुळे प्रत्येक भाजीत कांदा नाहीतर बटाटा होता आणि भोजनाची पहिली पंगत साडेपाचची होती. सूर्यास्त त्यानंतर थोड्याच वेळात होत असल्याने चौविहार साधणे कठीण. पहिल्या दिवशी आजींनी दोन केळी खाल्ली, पाणी घेतले आणि त्या आपल्या खोलीत जाऊन माळ जपत बसल्या. प्रवासात थोडी सवलत घ्यावी, असे थोरल्या चिरंजीवांनी सुचवून पाहिले. “नियम माझा आहे, तुम्ही सहल करा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मुलांच्या जिव्हारी लागले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या सूनबाईंनी भोजनगृहात चौकशी केली. अशा जहाजांवर भारतीय कर्मचारी पुष्कळ असतात आणि गोव्यातील घरांना तर बोटीवरच्या नोकरीची जुनी परंपरा आहे. मडगावचा एक वाढपी त्यांचे म्हणणे समजून घेऊन मुख्य आचाऱ्याकडे गेला. त्या दिवसापासून पावणेपाच वाजता आजींसाठी वरणभात, दुधीची किंवा कोबीची भाजी आणि फळे स्वतंत्र येऊ लागली. आजींनी त्या मुलाला नाव विचारले, घरी कोण कोण आहे ते विचारले आणि मगच पहिला घास घेतला.

चौथ्या दिवशी जहाज सिंट मार्टिनला लागले. जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचे हे बेट १६४८ च्या करारापासून फ्रेंच आणि डच अशा दोन सत्तांत वाटलेले आहे. डचांना येथील मिठागरांचे आकर्षण होते. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा चक्रीवादळाने बेटाची दैना केली होती. डच भागातील फिलिप्सबर्गच्या बाजारपेठेत दागिने आणि घड्याळांची अनेक दुकाने सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. जहाजावरील ताजी फळे बेटावर नेता येत नसल्याने आजींची सफरचंदे उतरतानाच काढून घेण्यात आली होती. हे कळताच एका वयस्क सिंधी दुकानदाराने घरी फोन करून कांदा-लसणाविना मुगाची खिचडी मागवली आणि गल्ल्यामागची आपली खुर्ची आजींना दिली. त्यांनी त्या दुकानातून काही विकत घेतले नाही आणि त्याने तसे सुचवलेही नाही.

इकडे थोरले चिरंजीव दोन मुलांना घेऊन माहोच्या किनाऱ्यावर गेले होते. तेथे विमाने डोक्यावरून अगदी खालून उतरतात. परतीच्या वाटेवर सिंप्सन बे येथे बोटींना वाट देण्यासाठी पूल उचलला जातो आणि रस्त्यावर वाहनांची रांग लागते. टॅक्सी तेथेच अडकली. सर्वांनी साडेचारपर्यंत जहाजावर परतावयाचे होते आणि पाच वाजता जहाज सुटणार होते. साडेचारनंतर एका अधिकाऱ्याने शांतपणे नियम सांगितला: जहाज थांबणार नाही; मागे राहिलेल्यांचे पासपोर्ट खोलीतील तिजोरीतून काढून बंदरावरील प्रतिनिधीकडे दिले जातील आणि पुढचा प्रवास त्यांनी स्वखर्चाने करावयाचा. तीन पासपोर्ट टेबलावर काढून ठेवलेले पाहून थोरल्या सूनबाईंचे हातपाय गळाले. मुलांसाठी त्या खाली उतरण्यास निघाल्या, तर धाकटे दीर त्यांना थोपवू लागले.

आजींचे पान वाढलेले होते. निरोप आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मुले आल्यावर बसेन. सूर्य आहे तोवर वेळ आहे.” त्या जिन्याच्या तोंडाशी नवकार म्हणत बसून राहिल्या. पाचाला बारा मिनिटे असताना धक्क्यावरून तिघे धावत येताना दिसले.

पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळला. त्याआधी सर्व नऊजण एकाच टेबलावर जेवून उठले होते. मायलेक दिवसाउजेडी एकत्र जेवल्याला किती वर्षे झाली, याचा हिशेब थोरल्यांना लागेना. सोलापुरात दुकान रात्री नऊला बंद होते आणि घरची पंगत साडेनऊला बसते. आजी मात्र सहाच्या आत स्वयंपाकघरात एकट्या जेवतात. त्यांच्या नियमाचा घरात सर्वांना आदर होता, परंतु त्या आदरात त्यांच्यासोबत पाटावर बसणारा कोणी नव्हता.

पुढचे बेट सेंट थॉमस. अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून ही बेटे अडीच कोटी डॉलरला घेतली. सत्ता अमेरिकेची असूनही वाहने डावीकडून चालतात, याची मुलांना गंमत वाटली. शार्लट अमाली येथे करमुक्त हिऱ्यांचा मोह झाला, तेव्हा धाकट्यांनी आठवण दिली की तेथील करमुक्ती भारतीय सीमाशुल्काला लागू होत नाही.

सहलीस निघणाऱ्यांनी या अनुभवातून काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. जैन भोजनाची मागणी लेखी आणि सविस्तर करावी: कंदमुळे नकोत, जेवण सूर्यास्तापूर्वी हवे. घरचे जिन्नस दोन-तीन बॅगांत विभागावेत. प्रवास विमा काढावा. बेटावर उतरल्यास परतीसाठी दीड तास हाताशी ठेवावा आणि पासपोर्टची छायाप्रत जवळ बाळगावी.

नववी बॅग अखेर सोलापुरातच मिळाली. लाडू टिकले होते. या कुटुंबाचे दुकान आता रविवारी दुपारी चारला बंद होते आणि सायंकाळी सहाच्या आत नऊ पाने मांडली जातात. पहिले पान आजींचे असते.