कागद वाचणारी गावं

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात एक आगळं मतदान झालं. उमेदवार नव्हते, पक्ष नव्हते. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, आपली जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारनेच हा जनकौल घेतला. सेझबाबत शेतकऱ्यांचा असा कौल देशात पहिल्यांदाच घेतला जात होता.

ही वेळ आणायला गावांना बरंच शिकावं लागलं होतं. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या सेझविरोधी लढ्यात उल्का महाजन, सुरेखा दळवी, वैशाली पाटील असे रायगडात वर्षानुवर्षं काम करणारे कार्यकर्ते होते. मोर्चे निघाले, तसंच गावबैठकांत कायदाही समजावून घेतला गेला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची नोटीस निघाली की हरकतीला फक्त ३० दिवस मिळत. ते हातचे गेले की पुढे बोलायला जागा फारशी उरत नसे. हेटवणेच्या पाण्याचा मुद्दाही नेमका होता : जी भातशेती भिजवायला धरण बांधलं, तीच कारखान्यांना कशी द्यायची? पुढे हे भूसंपादन तडीस गेलंच नाही. २०१३ च्या नव्या कायद्याने तर खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची संमती बंधनकारक केली.

पण जनकौलात मत होतं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचं. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला ते नव्हतं. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर राहणाऱ्या कातकरी आदिवासींचा तर प्रश्नच निराळा. पावसाळ्यानंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत. वर्षानुवर्षं नाचणी-वरी पिकवलेल्या दळी जमिनीचाही, म्हणजे उतारावरच्या वनजमिनीच्या तुकड्याचाही, पक्का कागद हाती नसतो. श्रमिक क्रांती संघटना आणि सर्वहारा जन आंदोलन यांनी त्यांच्यात काम उभं केलं ते या कागदाच्या प्रश्नावर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या कामाला बळ दिलं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेपुढे येतो, तिथून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात, मात्र ते सरकारी कागदच असले पाहिजेत असं नाही. शेताचा बांध, सपाट केलेलं खाचर, जुनं घर चालतं. दावेदार सोडून वाडीतल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. ज्या म्हातारीला कचेरीत कुणी बसा म्हटलं नसेल, तिची आठवण इथे पुरावा म्हणून नोंदली जाते. अंगठा उठवण्यापूर्वी जबाब वाचून दाखवा असं म्हणायला ती शिकते, हेच खरं नागरिकशास्त्र. शिवाय हा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवताना आजही किती घरं का-कू करतात, हे आठवलं की या तरतुदीचं मोल कळतं.

हे शिक्षण फार सावकाश चालतं. दावा फेटाळला तर लेखी कारण मागायचं, ६० दिवसांत अपील करायचं, आणि तोवर वाडीतला माणूस भट्टीवर गेलेला असतो. तो परत येईपर्यंत कागद सांभाळणारं कुणीतरी वाडीत लागतं. संघटनेचं रोजचं काम म्हणजे बहुतांशी हेच, आणि त्याची बातमी होत नाही.

विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. जमिनीचा प्रश्न त्यांनी भूदानातून देणाऱ्याच्या मनावर सोपवला. आजच्या पेण-रोह्यात तो मागणाऱ्याच्या हक्कावर उभा आहे, आणि तो टिकतो ग्रामसभेत. वाचकहो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला गावी असाल तर ग्रामसभेला जा. तिच्याआधी महिला सभा झाली का ते विचारा, आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.