सीमेवरचे दुकान आणि कराचा हिशेब

तलासरीहून आच्छाड नाका ओलांडला की गुजरात लागतो. घोलवड-बोर्डीच्या पुढे उंबरगाव. 1960 पर्यंत उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होते. राज्ये वेगळी झाली, पण बाजार आणि सोयरीक तुटली नाही. डहाणू-तलासरीच्या छोट्या दुकानदाराला कर टोचतो तो नेमका या सीमेवर.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आज महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा 20 लाख आहे. मात्र करपात्र माल परराज्यात विकायचा म्हटले की ही सवलत संपते. उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. काही हस्तकलेच्या वस्तू याला अपवाद आहेत. ताज्या चिकूवर करच नाही, म्हणून बागायतदार सुटतो. पण तलासरीतून भिलाडच्या दुकानाला प्लास्टिकच्या बादल्या पुरवणारा सुटत नाही.

छोट्यांसाठी कंपोझिशन योजना आहे. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याने उलाढालीवर 1 टक्का कर भरायचा, तोही तीन महिन्यांतून एकदा. हिशेब सोपा, पण अटी कडक. हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. म्हणजे वापीहून माल आणता येतो, वापीला पाठवता येत नाही!

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. समजा, एखाद्याची विक्री 60 लाखांची आहे आणि शंभर रुपयांमागे त्याला 6 रुपये सुटतात. वर्षाची कमाई झाली 3 लाख 60 हजार. त्यातले 60 हजार करात जातात, म्हणजे सहावा हिस्सा. विक्री आणि नफा यांतला हा फरक समजून न घेता योजना निवडणे महागात पडते.

खर्चाचेही तसेच. घरगुती गॅसवर 5 टक्के जीएसटी, तर हॉटेलच्या व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के. साध्या खाणावळीला जेवणावर 5 टक्के कर लावायचा असतो, पण सिलिंडरवरच्या कराची वजावट मिळत नाही. तो अंगावरच पडतो. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे टेम्पोच्या इंधनावरही वजावट नाही. शिवाय वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर. 22 सप्टेंबर 2025 पासून केक आणि बिस्किटांवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला, हा बेकरीवाल्यांना दिलासा आहे. पण भाडे, वीज, मजुरी त्यामुळे उतरत नाही.

मग करायचे काय? कर चुकवणे हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. हलाल रोजीत ते बसत नाही. सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ती पाळणाऱ्याला अर्धा त्रास कमी होतो. विक्री, खरेदी आणि उधारी वेगवेगळी लिहावी. दुकानाचे पैसे घरखर्चात मिसळू नयेत. रिटर्न वेळेवर भरावे, कारण विलंब शुल्क दिवसागणिक चढते आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज लागते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घराला हे व्याज तर टाळलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकारला भरलेला कर म्हणजे जकात नव्हे. विक्रीचा माल आणि शिल्लक रोकड निसाबाला पोहोचली आणि चांद्र वर्ष उलटले, की अडीच टक्के जकात वेगळी काढायची. दुकानातला फ्रिज, काटा, फर्निचर त्यात धरायचे नाही. ज्याची वही नीट आहे त्याला दोन्ही हिशेब एकाच बैठकीत करता येतात.

मागणी मात्र ठामपणे करायला हवी. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला निदान सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यांत माल विकण्याची मुभा मिळावी. निर्णय जीएसटी परिषदेच्या शिफारशीने होतो आणि त्या परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. डहाणू-तलासरीच्या व्यापाऱ्यांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, एकत्र येऊन आपल्या आमदारांमार्फत हे निवेदन तिथवर पोहोचवावे. एकट्या दुकानदाराचा आवाज नाक्यापलीकडेही जात नाही.