जुन्या ट्रॉलीचं बेअरिंग शोधताना

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यात पावसाळाभर गोठ्यामागे उभ्या असलेल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बाहेर निघतात. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं की घरघर ऐकू येते. वरखाली हलवून पाहिलं तर प्ले लागतो. बेअरिंग गेलेलं असतं. मालक दुकानात जातो आणि पलीकडून विचारलं जातं, "कुठल्या मेकची ट्रॉली?"

शोध इथेच भरकटतो. ट्रॉली बांधणारं वर्कशॉप कधीच बंद झालेलं असतं, नावाची पट्टी गंजून गळून पडलेली असते आणि मधल्या काळात कुणीतरी एक्सल बदललेला असतो. डाव्या चाकाला एक हब आणि उजव्याला दुसरंच, अशाही ट्रॉल्या रस्त्यावर आहेत. मेक सांगून काही मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ट्रॉली बांधणारा बेअरिंग बनवत नाही. तो बाजारात मिळणारं ठरावीक मापाचं बेअरिंग घेतो आणि त्याच्या मापानं स्टब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते एक्सलचं टोक, आणि हब करून घेतो. बेअरिंग आणि सील जगभर ठरलेल्या मापांची असतात. घरचं, म्हणजे ज्या त्या वर्कशॉपचं, फक्त हब आणि स्टब. म्हणून बेअरिंग शोधायचं ते नंबरानं, सील शोधायचं मापानं, आणि जपायचं हबला.

हबच्या आत काय असतं ते आधी पाहू. स्टबवर दोन टेपर रोलर बेअरिंग समोरासमोर तोंड करून बसतात. आतलं, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूचं, मोठं आणि टोकाकडचं लहान. प्रत्येकाचे दोन भाग. रोलर आणि जाळी असलेला कोन स्टबवर बसतो आणि बाहेरची कडी, जिला कप किंवा रेस म्हणतात, ती हबमध्ये ठोकून बसवलेली असते. रोलर तिरपे असल्यामुळे हे बेअरिंग वरून येणारं वजनही पेलतं आणि वळणावर चाकाला बाजूनं बसणारा रेटाही. टेपर बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये घेणारा हेन्री टिमकेन हा अमेरिकेतला घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. वळणावर गाडीच्या चाकांवर येणारा आडवा भार हीच त्याच्यापुढची अडचण होती. ऊस भरलेली ट्रॉली गावंदरीच्या वळणावर तेच करते, फक्त वजन कितीतरी पट.

आतल्या बेअरिंगच्या मागे ऑइल सील, बाहेरून वॉशर, कॅसल नट, स्प्लिट पिन आणि टोपण. संपूर्ण जुळणी एवढीच.

आता नंबर. कोनच्या रुंद कडेवर आणि कपच्या कडेवर तो कोरलेला असतो. ग्रीस आणि गंज यांच्याखाली तो गेलाय असं वाटतं, पण बहुतेक वेळा जात नाही. डिझेलनं धुवा, कोरडं पुसा, कडेवर खडू घासा आणि वरवर पुसून टाका. कोरलेल्या रेघांत खडू राहतो. मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता बाजूनं तिरपा धरला की आकडे वाचता येतात. कपचा नंबर हबच्या आतल्या बाजूला तोंड करून असला तर तो काढल्याशिवाय दिसणार नाही, पण मिमी मापाच्या बेअरिंगला कोनचा मिळाला तरी पुरतं.

समजा नंबर ३२२११ निघाला. पहिला ३ म्हणजे टेपर रोलर. पुढचे दोन आकडे जाडी आणि बाहेरच्या मापाची मालिका सांगतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतलं माप येतं : ११ गुणिले ५, म्हणजे ५५ मिमी. हा हिशेब २० मिमी आणि त्यापुढच्या बेअरिंगांना लागू आहे, आणि ट्रॉलीवर त्याहून बारीक बेअरिंग नसतंच. पुढे-मागे इंग्रजी अक्षरं असतील तर ती उतरवून घ्या. त्यांत जाळीचा प्रकार वगैरे तपशील असतो, मूळ माप आकड्यांतच असतं.

इथे एक फसवी जागा आहे आणि ती मिस्त्रींनाही चकवते. ३०२११ आणि ३२२११ या दोन्हींचं आतलं माप ५५ आणि बाहेरचं १०० मिमी. दोन्ही स्टबवर जातात, दोन्ही हबमध्ये बसतात. पण पहिल्याची जाडी २२.७५ मिमी आणि दुसऱ्याची २६.७५. दुकानात ३२२११ नसलं की "हे घ्या, तेच आहे" म्हणून ३०२११ हातात पडतं. बसवल्यावर हब चार मिलिमीटर सरकतं, सीलचा ओठ दुसऱ्याच जागी टेकतो, नट स्प्लिट पिनच्या भोकापलीकडे जातो. शिवाय जाड बेअरिंग ज्या वजनासाठी निवडलं होतं ते वजन पातळ बेअरिंगवर येतं. आतलं आणि बाहेरचं माप जुळणं पुरेसं नाही, जाडीही जुळली पाहिजे.

नंबर खरोखरच नाहीसा झाला असेल तर व्हर्निअर घ्या. माप बेअरिंगचं घ्यायचं, स्टबचं नाही, कारण कोन फिरून फिरून स्टब झिजलेला असतो आणि तो खोटं बोलतो. आतलं माप ५५ किंवा ६० असं पाचाच्या पटीत आलं तर ते मिमी मालिकेतलं. ४१.३, ४४.४५ किंवा ३१.७५ असं काही आलं तर व्हर्निअरला दोष देऊ नका. ते इंची बेअरिंग आहे.

इंची बेअरिंग इथे कुठून आली? भारतानं दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये केला, पण यंत्रांचे नकाशे कायद्यानं एका रात्रीत बदलत नाहीत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळणी सुरू झालेल्या विलिस जीपच्या पुढच्या चाकात १८५९० नंबरचा कोन आणि १८५२० नंबरचा कप असे. आतलं माप ४१.२७५ मिमी, म्हणजे बरोबर एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. जीपच्या किंवा जुन्या ट्रकच्या भंगारातली हब घेऊन बांधलेले पाण्याच्या टाकीचे, जनरेटरचे छोटे ट्रेलर आजही आहेत, आणि त्यांत असं इंची माप निघतं. परदेशातून यंत्राबरोबर आलेल्या ट्रेलरांतही तेच.

इंची नंबरातून माप काढता येत नाही, तो यादीतच पाहावा लागतो. कोनचा नंबर वेगळा, कपचा वेगळा, आणि दोन्ही लिहून न्यावे लागतात. एल ६८१४९ हा छोट्या ट्रेलरांत सर्रास आढळणारा कोन आतून ३४.९९ मिमी भरतो. मापणारा बिनदिक्कत "पस्तीस" लिहितो आणि ३०२०७ मागतो. त्याचं बाहेरचं माप ७२, तर एल ६८१४९ च्या जोडीचा कप एकोणसाठच्या जरासा वर. म्हणून तिन्ही मापं घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

इंची नंबराच्या शेवटचं अक्षरही सोडू नका. ३८७ आणि ३८७ए या दोन्ही कोनांचं आतलं माप सव्वादोन इंचच. फरक आतल्या कोपऱ्याच्या गोलाईत आहे. स्टबच्या खांद्यापाशी जी गोलाई कापलेली असते, तिच्यापेक्षा कोनच्या कोपऱ्याची गोलाई लहान असली तर कोन खांद्याला टेकतच नाही, गोलाईवर अडकून राहतो. नट आवळला की सगळं घट्ट वाटतं. पुढे भार बसला की कोन आत सरकतो आणि चाक सैल पडतं.

कप काढायला पितळी रॉड आणि हातोडी, एकदा या बाजूनं, एकदा समोरून. जिथे रॉड टेकवायला खाचच ठेवलेली नाही अशा हबमध्ये वेल्डर कपच्या आतल्या अंगावर गोल वेल्डची एक रेघ मारतो. वेल्ड थंड होताना आकसतं, त्याबरोबर कपही, आणि तो हातानं निघून येतो. जुना कप फेकू नका. ग्राइंडरनं त्याला एक चीर द्या, नवा कप ठोकताना तोच वर ठेवायला उपयोगी पडतो. नवा कोन मात्र जुन्या कपात कधीही नको. जुन्या कपावर जुन्या रोलरांचे चट्टे असतात आणि नवे रोलर त्यावर थोड्याच फेऱ्यांत खराब होतात. अर्ध्या पैशात काम होतं म्हणून हे करणारे हंगामाच्या मध्यात, कारखान्याच्या रांगेत चाक उतरवून बसलेले दिसतात.

सील हा या सगळ्यात स्वस्त भाग, आणि बेअरिंगचा जीव बहुतेक वेळा त्याच्यापायीच जातो. पावसाळाभर उभ्या ट्रॉलीत पाणी शिरतं ते कडक झालेल्या सीलच्या ओठातून. एकाच जागी थांबलेल्या रोलरांखाली गंजाचे ठिपके पडतात आणि पहिल्याच खेपेला घरघर सुरू होते. सीलवर ६५-९०-१० असे तीन आकडे असतात : शाफ्ट (इथे स्टब), हबमधली जागा आणि जाडी, मिमीमध्ये. आकडे गेले असतील तर सील मापू नका, रबर फुगतं. शाफ्टवर सील टेकतं ती जागा आणि हबमधला खळगा मापा. पहिली दोन मापं तंतोतंत हवीत. जाडी थोडी कमी चालते, जास्त चालत नाही. ओठाभोवतीची स्प्रिंग ग्रीसच्या बाजूला, म्हणजे आत, ठेवून सील बसवायचं. उलटं बसवलेलं सील ग्रीस धरत नाही.

शाफ्टवर ओठानं खोबण पाडली असेल तर नवं सीलही गळतं. खळग्यात जागा असेल तर सील दोन मिमी मागे-पुढे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालेल. नाहीतर स्टीलची पाव मिमीच्या आसपास जाडीची बाही शाफ्टवर चढवतात. तिच्यावर त्याच मापाचं सील चालतं.

आता हब. त्याला यादी नाही, नंबर नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत ओतलेलं, कुणाच्या तरी पॅटर्नचं ते हब. दुसरं शोधायचं तर बोल्टांची संख्या, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक, दोन्ही कपांच्या जागा, त्यांच्यातलं अंतर आणि सीलचा खळगा इतकं जुळावं लागतं. सहा, आठ किंवा दहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे तो व्यास. पाच बोल्टांना समोर कुणी नसतो. तिथे शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ नं गुणा.

हबमध्ये कप सैल झाला तर सेंटर पंचचे टिचके मारून तो घट्ट करायची पद्धत सगळीकडे आहे. कारखान्यावरून घरी यायला ठीक आहे. हंगाम काढायला नाही, कारण कप त्या टिचक्यांच्या टोकांवरच टेकतो आणि टोकं लगेच दबतात. लेथवर हब मोठं करून त्यात बुश बसवणं आणि बुशाला कपाच्या मापाचं बोअर करणं हा खरा इलाज. झिजलेल्या स्टबवर वेल्ड भरून टर्न करून देणारे पुष्कळ आहेत. रिकाम्या गाडीला चालेलही, पण ऊस भरणाऱ्या ट्रॉलीला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वेल्डच्या उष्णतेनं खांद्यापाशी पोलाद ठिसूळ होतं, सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, आणि स्टब तुटला तर चाक रस्त्यावर मोकळं सुटतं, मागून दुचाकीवर कोण येतंय ते पाहून नाही. नवा स्टब करून घ्या.

बसवताना ग्रीस कोनच्या रोलरांत तळव्यानं दाबून भरायचं. एपी-३ म्हणून मिळणारं लिथियमचं चालतं, पाट्यांना लावायचं स्वस्त चेसिस ग्रीस नको, ते गरम होऊन वाहून जातं. हब गच्च भरू नका, अर्धी जागा मोकळी राहू द्या. नट आवळताना चाक फिरवत राहा म्हणजे रोलर आपल्या जागी बसतील. चाक जड फिरायला लागलं की नट सोडा, पुन्हा बोटांनी आवळा आणि पिनचं भोक जुळत नसेल तर मागे घ्या, पुढे नाही. हाताला अगदी किंचित, मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा, प्ले राहिला पाहिजे. टेपर बेअरिंग जास्त आवळल्यानं जळतात. पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट पुन्हा सोडा.

खरेदीला जुना कोन, कप आणि सील पिशवीत घेऊन जा. खोक्यावरचा नंबर वाचू नका, बेअरिंगवर कोरलेला वाचा, कारण नामांकित कंपनीच्या खोक्यात भलताच माल घालून विकणारे बाजारात आहेत. एसकेएफसारख्या कंपन्यांनी माल तपासण्यासाठी मोबाईल ॲप काढलं आहे, त्यात फोटो पाठवता येतो. बिल मागितल्यावर दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

आणि काम झालं की दोन्ही कोनांचे आणि कपांचे नंबर, सीलची तीन मापं, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास हे सगळं ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आतल्या बाजूनं ऑइलपेंटनं लिहून ठेवा. दोन चाकांत वेगवेगळी हब असतील तर डावं-उजवं वेगळं लिहा.